आधी पाणी, मग ॲसिड

ॲसिड म्हटलं की शाळेची प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. पण या वेळी आलेली पत्रं आहेत इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल, ठिबकच्या नळ्यांबद्दल, चुन्याच्या पुडीबद्दल आणि सोन्याचांदीच्या आटणीबद्दल. दाहक रसायनं आपल्या घरात, मळ्यात आणि दुकानात केव्हाच आली. ती हाताळायची रीत मात्र त्यांच्यासोबत आली नाही. ही रीत शिकायला सोपी आहे आणि बहुतेक ठिकाणी खिशाला परवडणारीही आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : शाळेत आम्हाला शिकवलं की पाण्यात ॲसिड ओतावं, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतू नये. मग घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीत बाबा अधूनमधून पाणी ओततात, ते कसं चालतं? तिथेही ॲसिडच असतं ना?
(दहावीतली विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : प्रश्न नेमका आहे. आधी शाळेतल्या नियमाचं कारण पाहू. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये 98 टक्के ॲसिड आणि जेमतेम 2 टक्के पाणी असतं. त्याला पाण्याची जबर ओढ असते आणि दोन्ही मिसळताना भरपूर उष्णता बाहेर पडते. शिवाय ते पाण्यापेक्षा खूप जड आहे, एका लिटरचं वजन सुमारे 1.84 किलो भरतं. त्यावर पाणी ओतलं तर ते वरच पसरतं. जिथे दोघांची गाठ पडते तिथला पातळ थर क्षणात उकळतो आणि उसळणारी वाफ ॲसिडचे थेंब घेऊन तोंडावर येते. कढत तेलात पाण्याचा थेंब पडल्यावर होतं तसंच. उलट पाण्यात ॲसिड बारीक धारेनं सोडलं, की जड ॲसिड खाली उतरत जातं आणि भोवतालचं पाणी उष्णता वाटून घेतं. हलकेच ढवळत राहिलं तर तापमान ताब्यात राहतं.

आता बॅटरी. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतल्या द्रवात ॲसिडचं प्रमाण साधारण 35 ते 37 टक्केच असतं. बाकी सगळं पाणी. म्हणजे मिसळण्याचं धोक्याचं काम आधीच उरकलेलं आहे आणि बहुतेक उष्णता तेव्हाच निघून गेलेली आहे. त्यात आणखी थोडं पाणी घातलं तर उसळी मारण्याइतकी उष्णता उरतच नाही.

बॅटरीतलं पाणी कमी होतं, कारण चार्जिंगच्या वेळी त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातात. ॲसिड जागेवरच राहतं. म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड पाण्याची. ‘थोडं ॲसिड टाकलं की बॅटरी ताजी होते’ हा सल्ला ऐकू नका. चार्जिंगमध्ये द्रव फुगतो, म्हणून पाणी चार्जिंग झाल्यावर भरा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं पाणी आधी घालून घ्या.

बाबांना आणखी काही गोष्टी सांग. निघणारा हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा बॅटरी देवघराच्या समईजवळ किंवा बंद कपाटात नको. पातळी बघायला काडी पेटवू नये, टॉर्च घ्यावा. काम करताना इन्व्हर्टर बंद असावा आणि हातात अंगठी, कडं किंवा धातूच्या पट्ट्याचं घड्याळ नसावं. दोन टर्मिनलांमध्ये धातू अडकला तर ठिणगी उडते. डोळ्यांवर बंदिस्त गॉगल हवाच. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसता येते, पण झाकणं घट्ट लावून. सोडा आत गेला तर बॅटरीतलं ॲसिडच मारून टाकतो.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या क्षारानं चोंदतात, शेवाळही धरतं. क्षारासाठी ॲसिड आणि शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर सोडतो. दोन्ही एकाच दिवशी सोडून काम उरकता येईल का?
(एक बागायतदार, निफाड)

उत्तर : नाही. एकाच टाकीतून नाही, एकाच वेळी नाही, आणि एक सोडल्यावर नळ्या स्वच्छ पाण्यानं धुतल्याशिवाय दुसरं नाही. ब्लीचिंग पावडरला ॲसिड लागलं की क्लोरिन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तोच हा वायू. तो हवेच्या जवळपास अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत रेंगाळतो. पंपाच्या खोलीत व्हेंच्युरीपाशी उकिडवा बसलेला माणूस नेमका त्याच उंचीवर श्वास घेत असतो.

हेच घरातही घडतं. ग्रामपंचायतीतून आणलेली टीसीएल पावडर संडासात टाकायची आणि तिच्यावरच टॉयलेट क्लीनर ओतायचा, म्हणजे दार लावलेल्या चार फुटांच्या खोलीत क्लोरिन तयार करायचा. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. दोन वस्तू वेगवेगळ्या चांगलं साफ करतात म्हणून एकत्र आणखी चांगलं करतील, असा हिशेब इथे चालत नाही. खोकला सुटला, डोळे चुरचुरले तर तिथेच थांबून धुवत बसू नका. बाहेर या, दार-खिडक्या उघड्या टाका.

आता ॲसिड प्रक्रिया. निळ्या कॅनमधून येणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड तीव्र असतं, 30 टक्क्यांच्या पुढचं. झाकण उघडताच धूर येतो, म्हणून ते उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून उघडावं. टाकीत आधी पाणी भरावं, मग ॲसिड. किती लागेल याचा अंदाज विहिरीच्या लिटरभर पाण्यात थेंबाथेंबानं ॲसिड घालून पीएच कागदावर घ्यावा, दुसऱ्याच्या बागेतला आकडा आपल्या पाण्याला लागू पडत नाही. पस्तीस लिटरचा कॅन वाकडा करून ओतण्यापेक्षा हाताचा प्लास्टिकचा सायफन पंप वापरा. ॲसिड अंगावर पडतं ते बहुतेक वेळा अशा ओतण्यातच. कॅन मोटारसायकलवर पायात धरून आणणंही थांबवायला हवं. एक खड्डा पुरतो.

प्रश्न : माझे सासरे तंबाखूला चुना लावतात. नातू चुन्याच्या पुडीशी खेळतो. चुना आपण पानात खातो, मग त्याची भीती बाळगावी का?
(एक आई, सोलापूर)

उत्तर : बाळगावीच. पुडी आजच त्याच्या हातून काढून घ्या. तंबाखूच्या चुन्याची प्लास्टिक पुडी दाबली की फुटते आणि आतली चिकट पेस्ट थेट डोळ्यात उडते. नेत्रतज्ज्ञांकडे लहान मुलांच्या ज्या रासायनिक इजा येतात, त्यांत ही नेहमीची आहे. काही मुलांची त्या डोळ्याची नजर कायमची जाते.

ॲसिड भयंकर आणि अल्कली सौम्य असा आपला समज असतो. डोळ्याच्या बाबतीत खरं उलट आहे. ॲसिड लागलं की पेशींमधली प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थर ॲसिडला काही प्रमाणात आत शिरू देत नाही. चुना, कॉस्टिक सोडा, अमोनिया ही अल्कली मात्र पेशींतल्या चरबीचा साबण करतात आणि वाट मोकळी करत आत उतरत जातात. कॉस्टिकचं पाणी बोटांना लागलं की बुळबुळीत वाटतं ना? तो बुळबुळीतपणा आपल्याच त्वचेवरच्या चरबीचा झालेला साबण असतो. सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस हात धुवायला उठत नाही आणि जखम खोल जाते.

डोळ्यात चुना गेला तर लगेच, तिथेच, स्वच्छ पाण्याची धार सोडा. पापण्या बोटांनी उघडून धरा. डोकं त्याच डोळ्याच्या बाजूला कलतं ठेवा, म्हणजे धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. मूल रडेल, ओरडेल, तरी थांबू नका. किमान अर्धा तास. चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात आणि आतून जाळत राहतात. ते डॉक्टरांनी पापणी उलटवून काढावे लागतात, म्हणून वाटेत रिक्षातही बाटलीनं पाणी घालत राहा. दूध, तूप, मध, गुलाबपाणी यातलं काही नको.

भिंतीला चुना काढणाऱ्यांनी आणि बोर्डो मिश्रणासाठी कळीचा चुना भिजवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो तापून उकळतो आणि शिंतोडे उडतात. पिंपात वाकून बघू नये, गॉगल लावावा. ओलं सिमेंटही याच जातीचं. त्यात तासन् तास उघड्या पायांनी उभं राहणाऱ्या मजुरांचे तळवे भाजतात, ते उगीच नाही.

प्रश्न : आमचं मूळ गाव विट्याजवळ. गलाईच्या धंद्यानिमित्त आम्ही तमिळनाडूत असतो. दुकान दहा बाय बाराचं. तेजाबाचा धूर छातीत जातो, पण ‘थोड्या वेळानं बरं वाटतं’ असं सगळेच म्हणतात. तोंडाला रुमाल बांधला तर पुरे का?
(गलाई कारागीर, कोइंबतूर)

उत्तर : तुमचं पत्र वाचून काळजी वाटली. खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामावर देशभर पसरली आहेत. हे काम बहुतेक वेळा बाजारपेठेतल्या अरुंद गाळ्यांमध्ये चालतं. त्यामुळे हे उत्तर तुमच्या एकट्यासाठी नाही.

सोनाराचं तेजाब म्हणजे नत्राम्ल, नायट्रिक ॲसिड. त्यात चांदी किंवा तांबं विरघळताना जो तांबूस-तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा घात असा की छातीत गेल्यावर सुरुवातीला नुसता खोकला येतो, डोळे चुरचुरतात आणि तासाभरात माणसाला बरं वाटतं. खरी इजा आतल्या आत वाढत असते. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरतं आणि दम लागतो. धूर जास्त गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा, ‘नायट्रिकचा धूर गेला आहे’ असं स्पष्ट सांगा आणि दिवसभर डॉक्टरांच्या नजरेखाली राहा. घरी जाऊन झोपू नका.

रुमाल पुरत नाही. कापड धूळ अडवतं, वायू नाही. ॲसिडच्या वायूंसाठी कार्ट्रिज लावलेले मास्क मिळतात, पण या तपकिरी धुरापुढे साधी कार्ट्रिजंही तोकडी पडतात. उपाय एकच, धूर तोंडापर्यंत येऊच द्यायचा नाही. भांडं तीन बाजूंनी बंद कप्प्यात ठेवा, वर ॲसिडला टिकणारा प्लास्टिकचा पाइप आणि ओढणारा पंखा बसवा. तो धूर कॉस्टिकच्या पाण्यातून नेऊन धुवा, नुसता शेजाऱ्याच्या खिडकीत सोडू नका. चांदी एकदम न टाकता थोडी थोडी टाकली, तर धूर आवाक्यात राहतो.

हातमोज्यांबद्दल सांगायलाच हवं. डॉक्टर वापरतात ते पातळ मोजे तीव्र नायट्रिकसमोर फार वेळ टिकत नाहीत. ब्यूटिल किंवा निओप्रीनचे जाड, कोपरापर्यंतचे मोजे घ्या. रोज घालण्याआधी फुंकून बघा, हवा निसटली तर टाकून द्या. बोटांवरचे पिवळे डाग ही या धंद्याची खूण समजली जाते, पण तो डाग म्हणजे ॲसिडनं त्वचेतल्या प्रथिनांशी केलेली अभिक्रिया आहे. डाग पडला याचा अर्थ मोजे नव्हते किंवा फाटके होते.

बाटली ठेवताना एक पथ्य पाळा. नायट्रिक स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतं. स्पिरिट, थिनर, लाकडाचा भुसा, तेलकट चिंध्या तिच्याजवळ नकोत, सांडलेलं टिपायलाही भुसा नको. त्यासाठी कोरडी वाळू आणि धुण्याचा सोडा जवळ ठेवा. आणि आम्लराज, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, लागेल तेवढंच करा. उरलेलं बुच लावून ठेवू नका. त्यातून वायू निघतच राहतो आणि बंद बाटली फुटते.

प्रश्न : मी एका ग्रामीण शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेत एकच लोखंडी कपाट आहे आणि रसायनं मुळाक्षरांच्या क्रमानं लावली आहेत. कशी लावावीत?
(एक शिक्षिका, जि. यवतमाळ)

उत्तर : मुळाक्षरांचा क्रम मोडा. त्या क्रमात अमोनिया आणि ॲसेटिक ॲसिड शेजारी येतात. कोण कुणाशी भांडतं, ते पाहून बाटल्या लावायच्या असतात.

ॲसिडं सर्वांत खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये ठेवा. बाटली फुटली तर सगळं ट्रेमध्येच राहायला हवं. डोळ्यांच्या उंचीवर दाहक द्रव कधीही नको. नायट्रिक वेगळ्या ट्रेमध्ये, ॲसेटिक ॲसिड आणि स्पिरिटपासून लांब. कॉस्टिक आणि अमोनिया कपाटाच्या दुसऱ्या टोकाला, जमल्यास दुसऱ्याच कपाटात. तुमच्या बाटल्यांवर पांढरा पिठासारखा थर दिसतो का? हायड्रोक्लोरिक आणि अमोनिया जवळ ठेवल्याची ती खूण. दोघांच्या वाफा हवेत भेटून नवसागर तयार होतो. लोखंडी कपाट आतून गंजत असेल तर तेही हायड्रोक्लोरिकच्या वाफांचंच काम. लाकडी किंवा प्लास्टिकचं कपाट आणि मोकळी हवा बरी.

कॉस्टिकचं द्रावण काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नका. ते काचेला हळूहळू खातं आणि बूच बसून जातं. मग कुणीतरी जोर लावतो आणि मान तुटते. जाड प्लास्टिकची बाटली आणि आट्याचं झाकण योग्य. लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर वाफा शाई खातात आणि वर्षभरानं कुणालाच आत काय आहे ते सांगता येत नाही. विद्यार्थ्यांनी पिपेट तोंडानं ओढू नये, रबरी फुगा वापरावा.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 18 जुलै 2013 रोजी ॲसिड विक्रीवर बंधनं घातली. विक्रेत्यानं खरेदीदाराची नोंदवही ठेवायची, छायाचित्र असलेलं ओळखपत्र पाहायचं, कारण लिहून घ्यायचं, आणि 18 वर्षांखालच्या व्यक्तीला ॲसिड विकायचं नाही. शाळा, महाविद्यालयं आणि प्रयोगशाळांनीही वापराची नोंदवही ठेवायची आहे आणि एका व्यक्तीवर त्याची जबाबदारी सोपवायची आहे. तुमच्या कपाटाला कुलूप आणि वही दोन्ही हवं. ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या मुलींच्या लढ्यातून हा नियम आला आहे. वहीतली प्रत्येक नोंद त्यांच्यासाठी आहे.

प्रश्न : द्रुतगती मार्गावर ॲसिडचे टँकर दिसतात. ॲसिड लोखंड खातं, मग टँकर लोखंडाचा कसा? आणि मागे 1830 असा आकडा कशाचा?
(एक वाहनचालक, पनवेल)

उत्तर : 1830 हा सल्फ्युरिक ॲसिडचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक. हायड्रोक्लोरिकचा 1789, नायट्रिकचा 2031, कॉस्टिकच्या द्रावणाचा 1824. अपघात झाला तर हा क्रमांक लांबूनच वाचून अग्निशमन दलाला सांगा. काय सांडलं हे त्यावरून त्यांना निघण्याआधीच कळतं. पाटीवरचं हात आणि धातू खाणाऱ्या थेंबांचं चित्र म्हणजे ‘दाहक पदार्थ’.

तीव्र सल्फ्युरिक लोखंडाला लागलं की सुरुवातीला आयर्न सल्फेटचा थर धरतो आणि तो थरच पुढे लोखंडाला राखतो. म्हणून ते साध्या पोलादी टाकीत राहतं. हायड्रोक्लोरिकच्या टाकीला मात्र आतून रबराचं अस्तर लागतं. पण त्याच सल्फ्युरिकमध्ये पाणी मिसळलं की थर टिकत नाही, ॲसिड लोखंड खाऊ लागतं आणि हायड्रोजन सुटतो. ‘रिकामा’ टँकर किंवा ड्रम पाण्यानं जेमतेम विसळून वेल्डिंगला देणं म्हणूनच जीवघेणं आहे. तळाला उरलेल्या ॲसिडनं आत हायड्रोजन भरलेला असतो आणि पहिल्या ठिणगीला स्फोट होतो. गॅरेजवाल्या मित्रांना हे जरूर सांगा. आत काय होतं हे माहीत नसलेल्या ड्रमला कटर लावू नये.

प्रश्न : ॲसिडनं भाजलं तर वर खाण्याचा सोडा आणि कॉस्टिकनं भाजलं तर लिंबू लावावं, असं ऐकलं आहे. रसायनशास्त्राप्रमाणे ते बरोबरच नाही का?
(एक निवृत्त गृहस्थ, चिपळूण)

उत्तर : कागदावर बरोबर, अंगावर चूक. ॲसिड आणि अल्कली एकमेकांना मारताना उष्णता निघते आणि भाजलेल्या त्वचेवर तिची भर पडते. सोडा किंवा लिंबू शोधण्यात मौल्यवान मिनिटं जातात ती वेगळीच. फरशीवर सांडलेल्या ॲसिडवर सोडा टाका, माणसावर पाणी. भरपूर पाणी, आणि तेही किमान पंधरा-वीस मिनिटं. कॉस्टिक असेल तर त्याहून जास्त वेळ.

भिजलेले कपडे, चपला, बांगड्या, अंगठ्या पाण्याखाली असतानाच काढा. त्या क्षणी लाजेपेक्षा त्वचा महत्त्वाची, बाकीच्यांनी चादरीचा आडोसा धरावा. कोरडा चुना किंवा कॉस्टिकचे फ्लेक्स अंगावर पडले असतील तर ते आधी झटकून टाका, मग धार सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. ॲसिड पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. तोंड धुवा, 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

पाणी किती लागतं, याचा हिशेब करून ठेवा. डोळे धुण्याच्या नळाबद्दल अमेरिकेत एक मानक आहे. धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांत पोहोचता यावं आणि मिनिटाला दीड लिटर याप्रमाणे पंधरा मिनिटं धार चालावी. म्हणजे डोळ्यांसाठीच साडेबावीस लिटर. अंगावरच्या शॉवरला मिनिटाला पंचाहत्तर लिटर, म्हणजे अकराशे लिटरच्या पुढे. मगभर पाण्यानं भागत नाही, ते यासाठी. एका ॲसिडचा अपवाद सांगतो. काचेवर नक्षी कोरायला वापरतात ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागल्यावर कधी तासन् तास दुखत नाही, पण आतून हाडापर्यंत जातं. तिथे पाण्यानं धुतल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं. ते हाताशी नसेल तर हे काम घेऊच नये.

प्रश्न : कापड प्रोसेसिंगचं छोटं युनिट आहे, कामगार मोजकेच. कॉस्टिक रोज लागतं. सुरक्षेची सगळी साधनं एकदम घेणं जमत नाही. सुरुवात कशानं करू?
(एक कारखानदार, इचलकरंजी)

उत्तर : विचारलंत हे फार बरं केलंत. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा धोकाच कमी करा, त्याला बहुतेक पैसे लागत नाहीत. महिन्याचा साठा कामाच्या जागी ठेवू नका, दिवसाचा ठेवा. फ्लेक्स विरघळवण्यापेक्षा तयार द्रावण पाइपानं घेता येतं का, ते पुरवठादाराला विचारा. विरघळवायचेच असतील तर थंड पाण्यात, थोडे थोडे, ढवळत. गरम पाण्यात एकदम टाकले तर ते उसळतं. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताच्या मुलाम्याची बादली नको, कॉस्टिक दोन्ही खातं आणि हायड्रोजन सोडतं. आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कॉस्टिक, ॲसिड काहीही भरायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. तहानलेला माणूस लेबल वाचत नाही.

दुसरं, पाणी. कॉस्टिकच्या पिंपापासून चार पावलांवर वरच्या टाकीला जोडलेला रबरी पाइप आणि एका झटक्यात उघडणारा व्हॉल्व्ह बसवा. त्या वाटेत ताग्यांचे गठ्ठे नकोत, कारण डोळे मिटलेल्या माणसाला तिथे चाचपडत पोहोचायचं असतं. आठवड्यातून एकदा पाणी सोडून बघा. उन्हात तापलेल्या पाइपमधून पहिलं पाणी कढत येतं, हे तेव्हाच कळतं.

तिसरं, डोळे. साधा चष्मा किंवा बाजूनं उघडा सुरक्षा चष्मा नव्हे, चारही बाजूंनी बसणारा स्प्लॅश गॉगल. पिंप ओतताना त्यावर फेसशिल्ड, आणि नुसती फेसशिल्ड कधीच नाही, शिंतोडा खालून आत जातो. मग कोपरापर्यंतचे जाड नायट्राइलचे किंवा निओप्रीनचे मोजे. हात वर उचलून काम असेल तर मोज्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ बाहीत जाणार नाही. पीव्हीसीचा एप्रन घ्या. गमबूट घाला आणि पँट बुटाच्या वरून सोडा. पँट बुटात खोचली तर सांडलेलं सगळं बुटात भरतं आणि बूट निघेपर्यंत पाऊल भाजतं. साडी, ओढणी, सैल बाह्या या जागी नकोत.

चौथं, माहिती. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या आणि त्यातल्या पाच ओळी मराठीत, आणि कामगार ओडिशा-बिहारचे असतील तर त्यांना कळेल अशा हिंदीत, भिंतीवर ठळक लिहा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाना अधिनियमात बदल झाले आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणं मालकाचं कर्तव्य ठरलं. शंका असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जिल्हा कार्यालयात विचारायला जाण्यात काही कमीपणा नाही.

आणि गॉगल एकच घेऊ नका. बाटली उघडणाऱ्याच्या डोळ्यांवर तो असतो, पण शेजारी पिंप धरून उभा असलेला पोरगा उघड्या डोळ्यांनी वाकून बघत असतो आणि शिंतोडा त्यालाही तितकाच लागतो. जितकी माणसं त्या जागी उभी राहतात तितके गॉगल घ्या, आणि उद्या सकाळी पिंपाजवळ जाण्याआधी पहिला गॉगल मालक म्हणून तुम्ही लावा. मालकाच्या डोळ्यांवर दिसला की बाकीचे मागे राहत नाहीत.